बर्फ आपला आपण उतरतो

पदुम,
२८ सप्टेंबर

प्रिय अचो गुरमेत,

जुले. आम्ही सगळे खुशाल. तूही तिथे वर खुशाल असशील, पायमोजे कोरडे ठेवत असशील आणि हाताखालच्या पोरांवर जरा कमी ओरडत असशील अशी आशा करते. शेवटचं तुला जमत नसणार, ठाऊक आहे मला.

आबा ठणठणीत आहेत. सातूची मळणी उरकली. आपला नांगराचा लंगडा झो आता बराच सुधारलाय, पण काम दिसलं की पुन्हा लंगडायला लागतो. आबा म्हणतात, हा गुरमेतवर गेलाय. रागावू नकोस, ते म्हणाले, मी नुसतं लिहिलं.

तू म्हणशील, धाकट्या बहिणीला, तुझ्या नोमोला, आज पत्र लिहायची हुक्की कुठून आली. अरे, तुझ्या फौजेच्या ठाण्यावरून महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी पाच मिनिटं फोन लागणार, त्यातली चार तू ओरडण्यात घालवणार आणि पाचव्या मिनिटाला लाइन तुटणार. कागदाचं बरं असतं. त्याला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा आता बस, चहा घे आणि पूर्ण वाच.

पत्र्याचं छत घातलं.

तुला न विचारता घातलं असं म्हणू नकोस. विचारलं होतं. तू नाही म्हणालास. मग तुझं न ऐकता घातलं, असं म्हण.

तू रजेवर होतास तेव्हा कडक ऊन होतं, म्हणून तुला मातीचं छत फार गोजिरवाणं वाटलं. मे महिन्यात यायला हवं होतंस. तीन दिवस पाऊस. बर्फ नव्हे, पाऊस! आबांच्या वडिलांनी, आपल्या मेमेंनी, ते छत बर्फासाठी बांधलं होतं. पडला, झाडला, संपलं. पावसाची त्यांच्या स्वप्नातही सोय नव्हती, कारण तेव्हा इथे पाऊस पडतच नव्हता. आता पडतो, त्याला मी काय करू? वरच्या खोलीत इस्रायलच्या दोन मुली उतरल्या होत्या, त्या खाटेवर छत्री उघडून झोपल्या. सकाळी म्हणाल्या, छान अनुभव होता. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. खाली औषधांच्या गाळ्यात हसनची खोकीच्या खोकी भिजली. तो बिचारा येता-जाता वर बघायला लागला. भाडेकरू वर बघायला लागला की समजावं, पुढच्या वर्षी तो समोरच्या सिमेंटच्या इमारतीत जाणार. त्याच्यामागून बेकरीवाला जाणार. आणि मग वरच्या आठ खोल्या आणि खालचे चार गाळे घेऊन आबा आणि मी काय पिंगा घालायचा?

तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे. 'बारा वर्षं पत्र्याखाली झोपतोय. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फाची पेटी.' अचो, तुमच्या बराकीत पत्र्याखाली तुम्हीच असता. आपल्याकडे तसं नाही. जुनं छत मी काढलेलंच नाही. माती आहे, तिच्याखाली विलोच्या काटक्या आहेत, तुळया आहेत, सगळं जागच्या जागी. त्याच्यावर लोखंडी खांबांचा सांगाडा उभा केला, खांब भिंतींच्या माथ्याला बोल्टांनी धरले आणि सांगाड्यावर पत्रा. टोपीवर टोपी घातल्यासारखं. ऊब मातीची, पाणी अडवायचं काम पत्र्याचं. मधल्या पोकळीत आबांनी आत्ताच गवत भरून ठेवलंय आणि ताकाचं चुरपे वाळत घातलंय. ते आता तिथेच बसतात. आधी तुझ्यापेक्षा जास्त विरोध त्यांचा होता, आता येणाऱ्या-जाणाऱ्याला वर नेऊन दाखवतात.

काम मेहदी उस्तादांनी केलं. ते द्रासचे, त्यांना बर्फ कोणी शिकवायला नको. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "अचे, पत्रा जिवंत आहे असं समजायचं. इथल्या उन्हात दुपारी हातपाय पसरतो, रात्री थंडीने पोटाशी घेतो. घट्ट बांधाल तर स्क्रू उपटून फेकेल." म्हणून भोकं जरा सैल पाडली आणि पत्र्याच्या उंच घडीवर पाडली, खोलगट भागात नाही. रबराचे वायसर दुप्पट जाडीचे घेतले, कारण आपलं ऊन रबर खाऊन टाकतं. संध्याकाळी उन्हं गेली की पत्रा टक् टक् वाजतो. एका जर्मन पाहुण्याने मला येऊन विचारलं, वर कोणी राहतं का? मी म्हटलं, देव राहतो.

हो, देवाचंही सांगते. छतावरच्या देवाच्या ल्हातोची जागा तसूभर बदललेली नाही. त्याच्याभोवती पत्रा चौकोनी मोकळा सोडलाय, देवाला उघडं आभाळ आहे. छताचा माथा देवापेक्षा उंच होऊ नये म्हणून ल्हातोखालचा चौथरा वाढवला. गोम्पातून लामा आले, पूजा झाली. आपल्या फासपूनमधले बाकीचे आले, जेवले. फासपूनचे वडीलधारे मेमे तोंडुप आले नाहीत. त्यांचं म्हणणं, एकाच देवाची आपण नऊ घरं, तर देवाच्या आसपास कुदळ लावण्याआधी नऊ घरांना विचारायला हवं होतं. यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण विचारलं असतं तर अजून विचारच चालू असता.

उस्तादांनी उतार चांगला तीव्र दिलाय. म्हणाले, "बर्फ आपला आपण उतरतो. वर कोणी चढायचं नाही."

आबा तिथेच उभे होते. म्हणाले, "मग मी हिवाळाभर करू काय?"

आम्ही सगळे हसलो.

तू येशील तेव्हा बघशीलच. आणि बघून झाल्यावर जे ओरडायचं ते ओरड.

तुझं न ऐकणारी,
नोमो कुंझेस


कारगिल,
२४ जानेवारी

प्रिय अचो गुरमेत,

जुले. गावाचं नाव बघून दचकू नकोस. थोड्या कामासाठी आले आहे. इथे थंडी आहे, पण आपल्या मानाने काहीच नाही. इथल्या बायका त्यालाच थंडी म्हणतात आणि मी मनात हसते. मेहदी उस्तादांच्या मेहुण्याच्या घरी उतरले आहे. फार चांगली माणसं आहेत. रोज मला जास्त वाढतात आणि मग खात नाही म्हणून रागावतात.

तुझा फोन येऊन गेल्याचं आबांनी सांगितलं होतं. मी नेमकी बेकरीवाल्याकडे गेले होते, चुकामूक झाली. तुझा आवाज खणखणीत होता म्हणाले. दिवसभर खूष होते. बाकी काय बोललात ते काही त्यांनी सांगितलं नाही.

छत छान आहे. लोसारच्या सणाआधी बर्फ पडला तो सगळा दोन दिवसांत घसरून मागच्या अंगणात आला. फक्त येतो तेव्हा एकदम येतो, मोठा आवाज करून. पहिल्या वेळी मागच्या दाराशी आमच्या कोंबड्या होत्या. त्या आता पत्रा टक् वाजला तरी पळतात.

मागच्या अंगणात जाणं-येणं मी बंद केलंय. उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, बर्फ अडवणाऱ्या पट्ट्या आडव्या लावायला हव्या होत्या, म्हणजे तो थोडा थोडा उतरतो. त्या ट्रकमध्ये राहून गेल्या आणि मग घाट बंद झाला. ही चूक आमच्या दोघांची आहे, ती मी कबूल करते.

आता तू विचारशीलच, जानेवारीत पदुमहून कारगिलला कुणी कामासाठी येतं का? रस्ता बंद. येतं. हेलिकॉप्टरने येतं.

आबा पडले, अचो.

खुब्याचं हाड मोडलंय. शस्त्रक्रिया झाली. जिवाला धोका नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच. शुद्धीवर आहेत, जेवतात, नर्सला नावं ठेवतात. इथला चहा गोड असतो म्हणून काल पेला परत पाठवला. डॉक्टर म्हणतात बसता येईल, आधाराने उभं राहता येईल. चालण्याचं ते बोलत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

सकाळची वेळ होती. रात्रभर बर्फ पडला होता. मी खाली चूल पेटवत होते. वर खरवडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं बर्फ घसरतोय. मग लक्षात आलं, हा लाकडी फावड्याचा आवाज आहे. जन्मभर ऐकलेला आवाज, तो ओळखायला मला इतका वेळ का लागला कोण जाणे. मी ओरडत बाहेर आले. ल्हातोच्या मोकळ्या चौकोनातून ते पत्र्यावर गेले होते, कमरेला दोर नाही, पायात तेच गुळगुळीत बूट. मातीच्या छतावर जसं उभं राहतात तसे मजेत उभे होते. मला बघून हात केला. आणि तेवढ्यात खालच्या अंगाचा बर्फ सुटला, त्याच्याबरोबर वरचाही सुटला आणि त्यांना घेऊन खाली आला. त्यांनी स्वतःच फावड्याने टाकलेला ढीग खाली होता, त्याच्यावर पडले म्हणून वाचले.

का चढले? सवय. दुसरं काय असणार? माणूस सत्तर वर्षं बर्फ पडल्याबरोबर छतावर चढतो, त्याला एका वर्षात कसं थांबवणार? सवयच. तू त्यांना पत्रातून काही विचारत बसू नकोस. त्यांना त्रास होतो.

तुझ्या वरिष्ठांना आम्ही कळवलं नाही. आबांनीच नको म्हणून सांगितलं. त्या ठाण्यावरून तुला तसंही मार्चपर्यंत खाली येता येणार नाही. उगाच जिवाला घोर कशाला?

मी खंबीर आहे. रडून झालंय.

काळजी करू नकोस असं लिहीत नाही, करशीलच,
कुंझेस


पदुम,
६ एप्रिल

अचो गुरमेत,

जुले. तुझं पत्र मिळालं. एकदा वाचलं, घडी घालून ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. 'देवाच्या शेजारी लोखंड उभं केलंस आणि आबांना अपंग केलंस. पत्रा उतरव. मी येईन तेव्हा तो मला दिसता कामा नये.' अक्षर नेहमीसारखं सुरेख आहे. रागात सुद्धा तुझ्या ओळी सरळ येतात, याचं मला लहानपणापासून आश्चर्य वाटतं.

आधी घरची बातमी. आबांना महिन्यापूर्वी घरी आणलं. खिडकीपाशी पलंग टाकलाय. बाजारातलं सगळं त्यांना दिसतं आणि बाजारातल्या सगळ्यांना ते दिसतात, त्यामुळे दिवसभर शिव्यांची देवाणघेवाण मजेत चालते. काठी आणि माझा खांदा धरून काल दारापर्यंत आले. घामाघूम झाले. मी म्हटलं, पुरे. तर म्हणाले, "तू उस्ताद आहेस का, मला उतार सांगायला?"

आता फासपूनचं. मेमे तोंडुप परवा सगळ्यांना घेऊन आले. चहा घेतला, म्हणजे अजून वैर धरलेलं नाही. पण बोलणं तुझ्यासारखंच. देव नाराज आहे, पहिला हिवाळा आणि पहिला घाव घरच्या कर्त्यावर, आणखी काय पुरावा हवा? पेरणीआधी पत्रा उतरवा. नाहीतर आठ घरं आपल्या दारात पाऊल टाकणार नाहीत. जन्माला नाही, लग्नाला नाही.

तिसरं त्यांनी उच्चारलं नाही. आबा तिथेच पलंगावर होते ना.

पण मला ऐकू आलं, अचो. आबांचं उद्या काही बरंवाईट झालं तर आपल्याकडे देहाला हात कोण लावतं? आपण नाही लावत. फासपून लावतं. ते आले नाहीत तर मी एकटी काय करणार?

मी म्हटलं, मेमे-ले, मागच्या महिन्यात तीन दिवस ओला बर्फ आणि पाऊस एकत्र पडला. तुमच्या घरी किती बादल्या लावल्या होत्या? ते म्हणाले, प्रश्न बादल्यांचा नाही. मी म्हटलं, माझा तोच आहे. आमच्याकडे एक थेंब आत आला नाही. हसनने वर बघायचं सोडलंय. त्याने गाळा पुढच्या पाच वर्षांसाठी मागितलाय. तेव्हा मेमे तोंडुप म्हणाले, "पोरी, तुझ्या तोंडाला लागायला मी आलेलो नाही. घरचा मोठा मुलगा काय म्हणतो ते आण. त्याने उतरवा म्हटलं तर उतरेल."

म्हणजे सगळं तुझ्या हातात आलं. तुझं उतरवा म्हणणारं पत्र माझ्या पेटीत आहे, ते मी त्यांना दाखवलेलं नाही. खोटंही बोलले नाही. म्हटलं, विचारून सांगते.

उस्ताद हिवाळाभर पदुमलाच होते, पण घाट उघडायची वाट बघत बसले नाहीत. इथल्याच भंगारातलं लोखंड कापून, जोडून त्यांनी बर्फ अडवायच्या पट्ट्या बनवल्या. दोन्ही उतारांवर आडव्या तीन-तीन रांगा लागल्यात. आता बर्फ येतो तो चाळणीतून पीठ यावं तसा. ल्हातोपर्यंत जायला कठडा लावलेली पायवाट केली. तिथे कमरेला दोर बांधायची कडीसुद्धा आहे. मागच्या वेळी जे राहिलं होतं ते आता राहिलेलं नाही. मी स्वतः वर जाऊन एकेक पट्टी हाताने हलवून बघितली.

आता जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं ते लिहिते.

कारगिलला शस्त्रक्रियेनंतर आबा गुंगीतून बाहेर येत होते. मी उशाशी होते. डोळे मिटलेलेच होते आणि ते म्हणाले, "गुरमेतला सांग, अर्धं काढलं."

मला वाटलं, बरळताहेत. पुन्हा म्हणाले, "अर्धं काढलं म्हणावं. उरलेलं उद्या काढतो. पडणार नाही छत."

जाग आल्यावर मी खोदून खोदून विचारलं. आधी उडवून लावलं, मग चिडले, मग सांगितलं. तुझा फोन आला तेव्हा तू म्हणालास, नोमोला पत्र्यातलं काय कळतं? आमच्या बराकीचं छत दोन वर्षांपूर्वी बर्फाच्या वजनाने बसलं. आबा, बर्फ पडला की साचू देऊ नका, लगेच वर चढून काढा. असं म्हणालास ना? आणि आबांनी तुझं ऐकलं. माझं कधी ऐकत नाहीत, तुझं ऐकलं.

त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली की गुरमेतला हे कळता कामा नये. "तो तिथे एकटा आहे. बर्फात उभा असतो. हे डोक्यात घेऊन उभा राहिला तर तोल जाईल त्याचा." म्हणून तुला मी सवय, सवय असं लिहिलं. तुझं पत्र आलं, त्यात 'आबांना अपंग केलंस' हे वाचलं, तेव्हा अंगाचा असा तिळपापड झाला की तेव्हाच लिहून टाकणार होते. दोन पानं लिहिली सुद्धा. चुलीत घातली. ती पानं सुडाची होती.

हे पान सुडाचं नाही. नीट वाच.

तुझ्या बराकीचं छत जवळपास सपाट आहे, त्यावर बर्फ साचतो, तो काढावाच लागतो. तू जे सांगितलंस ते तुझ्या छतासाठी बरोबर होतं. आपल्या छताला उतार किती आहे हे तुला माहीत नव्हतं, कारण तू बघितलंच नाहीस. आणि मी तुला सांगितलं नाही की चढायचं नाही असं उस्तादांनी बजावलंय. लिहिलं होतं, पण फुशारकी म्हणून लिहिलं होतं, ताकीद म्हणून नाही. आणि आबांना आपल्या दोघांनाही खूष ठेवायचं होतं. आपण तिघे मिळून पडलो, अचो. पाय फक्त त्यांचा मोडला.

पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. तू मला सांगत होतास पत्रा नको. आणि आबांना सांगत होतास, छत पडू देऊ नका. म्हणजे तुलाही ते उभंच राहायला हवं होतं. हे तुझं तुला कळलं होतं का?

फासपूनला तुझा निरोप हवाय. 'राहू दे' एवढं लिही. दोन शब्द. बाकीचं कुणाला कळायची गरज नाही, ते आबा, तू आणि मी यांच्यात राहील. आणि उतरव म्हणणार असशील तर तेही सरळ लिही. मी उतरवणार नाही. स्क्रू काढायला माझ्या अंगावरून जावं लागेल. मग आठ घरांशी आणि तुझ्याशी, दोन्हीकडे एकदम भांडेन. पण ते मला नकोय. मला माझा भाऊ हवाय.

शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी.

तुझ्या दोन शब्दांची वाट बघणारी,
कुंझेस


पदुम,
१९ मे

प्रिय अचो,

जुले. मी दोन शब्द मागितले होते. तू दोन पानं पाठवलीस, आणि तीही मला नाही, थेट मेमे तोंडुपना!

त्यांनी सगळ्यांना बोलावून आबांच्या पलंगापाशी उभं राहून वाचलं. मला आधी काही सांगितलं नव्हतं. 'आबा माझ्या सांगण्यावरून चढले. देवाचा काही संबंध नाही, पत्र्याचा नाही, कुंझेसचा नाही. कुणाला दारात पाऊल टाकायचं नसेल तर मी घरी असताना टाकू नका, मी नसताना तिच्या दारात या.' इथपर्यंत आल्यावर मेमे तोंडुपना चष्मा पुसावा लागला. मला हुंदका आवरेना म्हणून मी चहा आणायच्या निमित्ताने आत गेले आणि रिकामी किटली घेऊन बाहेर आले.

मग मेमे तोंडुप म्हणाले, "बर्फ पडला की आपली माणसं नऊही छतांवर जायची. एकाचं झालं की दुसऱ्याचं. तुमच्याकडे प्यायला छंग चांगली असायची म्हणून तुमचं छत शेवटी ठेवायचो. आता तुमचा बर्फ आपला आपण उतरणार. मग आम्ही यायचं कशाला?"

बघ, काय होतं म्हाताऱ्याच्या पोटात! मी देव, देव म्हणून इतके दिवस भांडत राहिले.

मी म्हटलं, "मेमे-ले, छंगसाठी या. शेवटी नका येऊ, आधी या. आणि तुमची आठ छतं साफ करायला आमच्या घरचा माणूस म्हणून मी येईन, फावडं घेऊन." ते म्हणाले, बाई छतावर? मी म्हटलं, तुम्ही बघालच. हसले. वर गेले, कमरेला दोर बांधून घेतला, शिव्या देत बांधून घेतला, आणि ल्हातोवर शुकपाची ताजी डहाळी स्वतःच्या हाताने खोवून आले. पत्रा राहतोय. फासपूनही राहतंय.

आबा मात्र शपथ मोडली म्हणून माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. आज सकाळी वही मागून घेतली. उताणं पडून लिहिलंय, म्हणून ओळ वर चढलीये. काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही, ते पान सोबत जोडते.

जूनमधली रजा रद्द करायचा विचार तुझ्या पत्रात दिसला, तो सोडून दे. पलीकडच्या गल्लीतून गुपचूप यायचं नाही. दिवसाउजेडी, बाजारातून, पुढच्या दाराने ये.

अजून थोडी रागावलेली, आणि तुझा फार अभिमान असलेली,
तुझी नोमो कुंझेस

गुरमेत,
पडलो मी. तू कशाला पडतोस? उभा राहा, आणि घरी ये.
आबा